राहिलेल्या माणसाचं चॉकलेट

तळमजल्याच्या मावशींनी आमच्या शाळेत कुणाच्याही वाढदिवसाचं चॉकलेट कधी घेतलं नाही. पिशवी पुढे केली की त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जायचे. गणिताच्या बाई एक घेऊन, घरी धाकटा आहे म्हणून दुसरं उचलायच्या. पीटीचे सर मूठ भरून घ्यायचे आणि त्यातलं एक परत टाकून आपण किती संयमी आहोत ते दाखवायचे. मावशी मात्र पिशवीत डोकावूनसुद्धा बघत नसत. "मला नगं," म्हणायच्या. "कोन ऱ्हायलं बघ. त्याला दे."

एवढं बोलून त्या पुन्हा फरशी पुसायला लागायच्या. वाढदिवसाचं पोर रंगीत कपड्यांत, हातातल्या पिशवीकडे बघत, कोण राहिलं असेल याचा विचार करत जिन्याखाली उभं राहायचं. ज्याला आजचा दिवस फक्त आपला आहे असं सकाळपासून वाटत होतं, त्याला असं कोड्यात टाकणं बरं दिसत नाही असं आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आयांचं मत होतं. मावशींना ते मत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी फरशी पुसणं थांबवलं नसतं.

आमची शाळा कोपरखैरण्याची, मराठी माध्यमाची, तीन मजल्यांची. प्रत्येक मजल्याला एक मावशी. दुसऱ्या मजल्याच्या मावशी ओरडायच्या, पहिल्या मजल्याच्या कुणाशी बोलायच्याच नाहीत, आणि तळमजल्याच्या या आमच्या. अंगाने लहानखुऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, शाळेने दिलेली निळी साडी टाचांच्या वर दोन बोटं नेसलेली. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा वाशीच्या मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोणी उचलायचा. शाळेची घंटाही त्यांच्याकडेच असल्यामुळे आमच्या लेखी शाळा त्याच चालवत होत्या, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना मदत करत होत्या. त्यांचं नाव काय ते आम्हांला ठाऊक नव्हतं. विचारावं असं कुणाला वाटलंही नाही. मला तर नाहीच, आणि याची लाज मला अजून वाटते.

तेव्हा वाढदिवसाची पद्धत अशी होती की त्या दिवशी गणवेशाला सुट्टी. वर्गात टाळ्या वाजवून झाल्या की पोराने एक सोबती निवडायचा आणि दोघांनी मिळून सगळ्या शाळेत चॉकलेटं वाटत हिंडायचं. सोबत्याने पिशवी धरायची. या पिशवी धरण्यात मी शाळाभर नावाजलेली होते. मी उंच होते, माझा आवाज मोठा होता आणि कोणत्या बाई कोणत्या तासाला कुठे सापडतात हे मला पाठ होतं. सोबतीणीला दोन चॉकलेटं मिळायची आणि भूगोलाचा तास बुडायचा. वर्षाला दहा-बारा वाढदिवस मी असे दुसऱ्यांचे साजरे केले.

माझा स्वतःचा एकही झाला नाही. मी एकोणतीस मेची. शाळा तेव्हा बंद, आणि आम्ही सगळे रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी. तिथे काकू शिरा करायची, पण त्याच दिवशी फणस फोडलेला असायचा, कुणीतरी पाहुणे आलेले असायचे, आणि दुपारपर्यंत माझा वाढदिवस होता हे मीसुद्धा विसरायचे. शाळेत रंगीत फ्रॉक घालून जिना चढायचं माझं स्वप्न दर जूनला एक वर्ष पुढे ढकललं जायचं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पिशवी धरणाऱ्या मुलीच्या मनात काय चाललंय हे विचारायची पद्धत नव्हती.

सुवर्णा नावाची माझी मैत्रीण होती. एवढी बुजरी की हजेरीला "हजर" म्हणताना मान खाली घालायची. तिच्या पाचवीतल्या वाढदिवसाला अर्थात मीच सोबतीण. सगळीकडे वाटून पिशवीत एक चॉकलेट उरलं, आणि आम्ही मावशींसमोर आलो. त्यांनी नेहमीसारखं कोण राहिलं ते विचारलं. मी मोठ्या उदारपणे म्हटलं की मीच राहिलेय. मावशींनी पोछा बादलीत बुडवला, पिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जिन्यात दोन खाल्लीस ती मी बघितली."

मग त्यांनी विचारलं, वर्गात आज कुणी आलं नाही का? आलं नव्हतं. एक मुलगी आठवडाभर गैरहजर होती, तिला कावीळ झाली होती. ती नाहीच आहे, मग तिला कसं देणार, असं मी म्हटलं. मावशी म्हणाल्या, "पटावर हाय न्हवं? मग ती बी वर्गातच हाय." संध्याकाळी आम्ही दोघी तिचं घर शोधत गेलो. तिच्या आईने सांगितलं की काविळीत चॉकलेट चालत नाही, पण त्या मुलीने ते घेतलं आणि उशीखाली ठेवलं. पुढे महिन्याभराने ती शाळेत आली तेव्हा ते चपटं झालेलं चॉकलेट तिच्या कंपासपेटीत होतं. कर्कटकाने त्याचे तीन तुकडे करून आम्ही तिघींनी खाल्ले. त्याला औषधाचा वास येत होता.

त्या वर्षापासून ही खोडच लागली. वाढदिवस असला की पोरं आदल्या दिवशीपासून राहिलेलं माणूस हेरून ठेवायला लागली. पाण्याच्या टँकरवाल्याला चॉकलेट मिळालं, गटार उपसायला आलेल्या दोघांना मिळालं, परीक्षेच्या वेळी बाहेरच्या शाळेतून आलेल्या आणि कुणालाच न आवडणाऱ्या एका सरांना मिळालं. त्या दिवशी त्या सरांनी कुणाची कॉपी पकडली नाही असं मुलं सांगायची. ते खरं नसावं.

मावशी कुणाला मांडीवर घेऊन लाड करणाऱ्यांतल्या मात्र नव्हत्या. कान धरायच्या. जिन्यामागे बसून मशेरी लावायच्या, आणि आम्ही पाहिलं की दात दुखतोय म्हणायच्या. वर्षानुवर्षं त्यांचा तोच दात दुखत होता. घंटेच्या बाबतीत त्या कुणाचंही ऐकत नसत. मधल्या सुट्टीनंतर नळावर एक जरी पोर उरलं असलं तरी घंटा व्हायची नाही. मोठ्या बाई खिडकीतून घड्याळ दाखवायच्या. मावशी हातात लाकडी ठोकळा घेऊन त्या पोराचं पाणी पिऊन होईपर्यंत उभ्या असायच्या.

त्या नळाची गोष्ट सांगायलाच हवी. पाणी वाया जाऊ नये म्हणून शाळेने दाबून धरल्याशिवाय पाणी न येणारे नळ बसवले होते. नळ एवढा कडक की लहान मुलांना दोन्ही हात लावावे लागायचे. मग ओंजळ कशाची करणार? सुरुवातीला मोठी मुलं प्यायची आणि लहान बघत बसायची. मावशींनी नियम काढला की ज्याचं पिऊन झालं त्याने मागच्यासाठी नळ दाबायचा आणि मगच जायचं. एक पळालं की सगळी रांग अडायची, त्यामुळे पळणाऱ्याला रांगच पकडून आणायची. पहिल्याचा नळ कोण दाबणार यावर भांडण नव्हतं, पहिलं कुणीतरी मोठं पोर असायचं आणि त्याला एका हाताने जमायचं. पण शेवटच्याचं पिऊन झालं की पाठीमागे कुणी नाही, मग त्याने कुणासाठी दाबायचं, असं एका हुशार पोराने विचारलं. मावशी म्हणाल्या, "शेवटच्या मागं मी हाय." आणि खरोखर त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहायच्या. पण घंटेची वेळ झालेली असायची, शेवटचं पोर त्यांना बघून पळायचं, आणि त्या पाणी न पिताच घंटेकडे जायच्या. हे मला तेव्हा दिसत होतं. त्यात काही चुकतंय हे मात्र कळलं नव्हतं.

सहावीत असताना शाळेने गरजू मुलांसाठी जुने कपडे गोळा केले. मागच्या सेक्टरात इमारतींची कामं चालू होती, तिथल्या मजुरांच्या मुलांना ते द्यायचे होते. फोटो काढायला माणूस यायचा होता. मी माझा एक फ्रॉक आणला. त्याची सगळी बटणं गेलेली होती, आईने तो फडकं म्हणून काढून ठेवला होता, तरी मला तो देताना फार चांगलं वाटलं होतं. दुपारी मावशींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर कपड्यांचा ढीग होता आणि माझा फ्रॉक वर होता.

"ह्यो तू घालशील का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग तिनं का घालायचा?"

त्यांनी सुई-दोरा आणि डब्यातली चार वेगवेगळी बटणं दिली. मधली सुट्टी गेली, भूगोलाचा तास गेला, मी बटणं लावत बसले. शेवटचं बटण लावून ऐटीत उठले तर फ्रॉक माझ्याबरोबर उठला. मी तो माझ्या स्कर्टलाच शिवून टाकला होता. मावशी हसल्या ते एवढं हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. मग त्यांनी टाके उसवून मला पुन्हा बसवलं. दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला तेव्हा ढीग निम्मा झाला होता. बाकीचे कपडे मावशींनी पोछ्यासाठी ठेवून घेतले होते. मोठ्या बाई जरा नाराज झाल्या, फोटोत ढीग लहान दिसत होता. पण त्यातला प्रत्येक कपडा कुणालाही घालता आला असता.

सातवीत माझं आणि सुवर्णाचं अक्षर बरं म्हणून आमच्याकडे 'आजचा वाढदिवस' हा फळा आला. तेव्हा सुवर्णाच्या डोक्यात आलं की मावशींचा वाढदिवस कधी लिहिलाच गेलेला नाही. आम्ही ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्क सरांनी जाडजूड रजिस्टर उघडलं, आणि आम्हांला एकाच वेळी त्यांचं नाव आणि जन्मतारीख कळली. नाव सुभद्रा. तारीख एक जून. आणखी कुणाचा वाढदिवस हवाय का, असं सर म्हणाले. पीटीच्या सरांचाही एक जून, दुसऱ्या मजल्याच्या मावशींचाही एक जून, आणि त्यांचा स्वतःचाही एक जूनच. आम्हांला हा फार मोठा योगायोग वाटला.

घरी बाबा हसले. खेड्यात पूर्वी कुणी जन्मतारीख लिहून ठेवत नसे, पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याच्याकडे बघून वर्षं ठरवायचे आणि शाळा जूनला सुरू होते म्हणून सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे, असं त्यांनी समजावलं. आता मी बेलापूरला एका सरकारी ऑफिसात काम करते, तिथे हे रोज दिसतं. दर एकतीस मेला आमच्याकडे निवृत्तीच्या समारंभांची रांग लागते, शाली कमी पडतात. त्या दिवशी मी पर्समध्ये चॉकलेटं घेऊन जाते आणि ज्यांच्यासाठी भाषण होत नाही अशा शिपायांना, ड्रायव्हरांना एकेक देते. ऑफिसात माझी त्यावरून थट्टा चालते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती आता बरोबर येते आणि माझ्या नजरेतून सुटलेलं कुणीतरी तिला नेमकं सापडतं. तर ते असो.

क्लार्क सरांनी रजिस्टर मिटता मिटता आणखी एक सांगितलं होतं. मावशी यंदा साठ पूर्ण करणार, म्हणजे एकतीस मेला रिटायर. मी आणि सुवर्णा जिन्यात आलो आणि तिथेच थांबलो. शाळा एक मेला निकाल देऊन बंद होणार. पुन्हा उघडणार जूनच्या मध्यावर. मावशी जाणार त्या दिवशी शाळेत एकही पोर नसणार, आणि आम्ही जूनमध्ये येऊ तेव्हा घंटा दुसरंच कुणीतरी वाजवत असणार.

आम्ही धावत त्यांच्याकडे गेलो आणि तुम्ही सांगितलं का नाहीत म्हणून विचारलं. त्या घंटेचा ठोकळा पुसत होत्या. "काय सांगायचं त्यात," त्या म्हणाल्या. "सुट्टीत मजा करायची तुमी." तुमचा खरा वाढदिवस कधी असतो, असं सुवर्णाने विचारलं. मावशींनी ठोकळा खाली ठेवला. "आई म्हनायची, हिरीला पानी लागलं त्या वर्साची तू. दिस काय कुनी ध्यानात ठेवला न्हाय. मास्तरांनी लिवलं तेच खरं."

मला रडू आलं, आणि रागही आला. शाळा बंद असताना वाढदिवस येणं म्हणजे काय ते त्या तीन मजल्यांत मला एकटीलाच नीट माहीत होतं. माझा निदान काकूच्या शिऱ्यापुरता तरी व्हायचा. यांचा साठ वर्षांत एकदाही झाला नव्हता. आणि जो कागदावर होता, तोच आता त्यांना शाळेबाहेर काढणार होता.

मोठ्या बाईंना आम्ही भेटलो. निरोप समारंभ आहेच, त्या म्हणाल्या, जूनमध्ये शाळा उघडली की सगळा स्टाफ मिळून मावशींना बोलावू, शाल-श्रीफळ देऊ. सुवर्णा माझ्या मागे उभी होती. मी म्हटलं की तेव्हा त्या पाहुण्या असतील. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग एक मेला निकालानंतर दहा मिनिटं दिली. मैदानात कागद पडता कामा नयेत, एवढंच बजावलं.

निरोप वर्गावर्गांत पोहोचवायला माझा आवाज कामी आला. प्रत्येकाने एकच चॉकलेट आणायचं, मावशींसाठी. कुणी कुणाला सांगायचं नाही. एवढ्या पोरांनी एक गोष्ट लपवली हे शाळेच्या इतिहासात तेव्हाच झालं असेल.

एक मेला झेंडा झाला, निकाल झाले, आणि तळमजल्याच्या व्हरांड्यापासून फाटकापर्यंत रांग लागली. मावशी बादली घेऊन आल्या आणि रांग बघून त्यांना वाटलं नळाला काहीतरी झालंय. रांगेत पहिली सुवर्णा होती, कारण कल्पना तिची होती. तिने चॉकलेट पुढे केलं. मावशींचे हात सवयीने पाठीमागे गेले.

"मला नगं," त्या म्हणाल्या. "कोन ऱ्हायलं बघ."

आम्ही महिनाभर आखलेल्या बेतात हे कुणीच धरलं नव्हतं. सगळ्या शाळेने चॉकलेटं आणली होती अशा बाईसाठी, जिने आयुष्यात चॉकलेट घेतलं नव्हतं. मागे कुजबुज सुरू झाली. पहिलीतली पोरं आपली चॉकलेटं परत खिशात घालायला लागली. मी काहीतरी बोलणार होते, पण ज्या आवाजावर मी सात वर्षं पिशव्या धरल्या होत्या तो नेमका बसला.

सुवर्णा तशीच हात पुढे करून उभी होती. मान खाली होती. पण बोलली ती शेवटपर्यंत ऐकू जाईल असं. "बघितलं आम्ही, मावशी. तुम्ही राहिलात."

मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग रांगेकडे, फाटकापर्यंत. त्यांचा एक हात पुढे आला. तो त्यांनी आधी पदराला पुसला आणि चॉकलेट घेतलं. पदराच्या टोकात घालून त्याची घट्ट गाठ मारली. त्यांचे डोळे भरले होते. आमच्यातल्या निम्म्यांचे आधीच वाहत होते, आणि पीटीचे सर झेंड्याच्या दोरीत काहीतरी अडकलंय असं दाखवत वर बघत होते.

मग त्या सावरल्या. "येकच घेनार," म्हणाल्या. "बाकीची तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आता सुट्टीत गावाला जाल न्हवं? तितं कोन ऱ्हायलं ते बघा."

अशी ती चॉकलेटं त्या मे महिन्यात साताऱ्याला गेली, सांगलीला गेली, जासईला आजोळी गेली. जूनमध्ये एकेकाच्या कथा ऐकायला मिळाल्या. एकाने बैलाला दिलं आणि बैलाने ते कागदासकट खाल्लं. मी माझं गावच्या दुकानदाराला दिलं. तो वर्षानुवर्षं सगळ्या गावाला सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट द्यायचा. त्याला कुणी दिल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने मला आत बोलावून सरबत पाजलं.

त्या वर्षी मी गावी फार कटकट केली. एकतीस मेला मला कोपरखैरण्यात असायलाच हवं होतं. आई म्हणाली, दर वर्षी जूनचे दहा दिवस राहायला रडतेस आणि यंदा हे काय? कारण सांगितल्यावर तिनेच बाबांना स्टँडवर पाठवलं. बाबांनी तिकिटं बदलून आणली. वाढदिवसाच्या दिवशी काकूचा शिरा खाल्ला, दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो, आणि एकतीसला सकाळी मी शाळेच्या फाटकात उभी होते. सुवर्णाला तिच्या मामाने साताऱ्याहून सोडलं नव्हतं. मी एकटीच होते.

शाळा एवढी शांत मी कधी पाहिली नव्हती. बाकं वर्गात एकावर एक रचलेली होती. मावशींनी तळमजला झाडून, पुसून काढला होता, जो अजून पंधरा दिवस कुणी बघणारही नव्हतं. क्लार्क सरांच्या टेबलावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा ठेवला, वहीत सही केली आणि बाहेर आल्या. मला बघून त्या म्हणाल्या की गावावरनं लवकर आलीस का, आणि उन्हात कशाला उभी राहिलीस. मी काय म्हणायचं ते पाठ करून आले होते, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. कमरेला जुडगा नसल्यामुळे त्या कुणी दुसऱ्याच वाटत होत्या.

त्या नळावर हात धुवायला गेल्या. मी पुढे होऊन नळ दाबला. त्यांनी हात धुतले आणि मग ओंजळ केली. पहिल्यांदाच मी त्यांना त्या नळावर पाणी पिताना पाहत होते. घाई नव्हती, घंटा नव्हती. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. माझा अंगठा दुखायला लागला तरी मी नळ सोडला नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "सोड आता. पानी वाया चाललंय."

मग तोंड पुसताना त्यांनी पदराची गाठ सोडली. आत एक मेचं ते चॉकलेट होतं, त्यांनी ते महिनाभर जपलं होतं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

मी दोन्ही हात मागे नेले. मला नको, राहिलेल्या माणसाला द्या, असं म्हटलं. हे मी त्यांच्याचकडून शिकले होते आणि मला वाटलं आता त्या खूश होतील.

"तूच ऱ्हायलीस," त्या म्हणाल्या. "परवा झाला न्हवं तुजा? समद्यांच्या पिशव्या धरल्यास. तुजी कवा आलीच न्हाय."

माझी जन्मतारीख त्यांना कशी माहीत, हे मी विचारलं नाही. चॉकलेट उन्हाने मऊ झालं होतं. मी त्याचे दोन तुकडे केले, एक त्यांच्या हातावर ठेवला, आणि तो त्यांनी घेतला. आम्ही नळाशेजारच्या पायरीवर बसून ते खाल्लं. कागद मी मुठीत धरून ठेवला होता. तो त्यांनी मागून घेतला, व्हरांड्यातल्या धुऊन ठेवलेल्या डब्यात टाकला, आणि झाकण नीट बसलंय का ते बघून मग फाटकाकडे निघाल्या.